कडू दाणा जातो कुठे?

शेंगदाणे खाताना मध्येच एखादा दाणा कडू निघतो. तोंड वाकडं होतं, तो थुंकून आपण वर दोन चांगले दाणे टाकतो आणि विसरून जातो. आमच्याकडे खानदेशात घरातली म्हातारी माणसं लगेच सांगतात, ‘हाऊ दाना कडू शे, थुकी टाक.’ हा सल्ला अगदी बरोबर आहे. तो का बरोबर आहे, हे शास्त्रज्ञांना 1960 नंतर कळायला लागलं. पण तोंडातला एक दाणा थुंकला तरी खळ्यावर, दालमिलमध्ये, बाजार समितीत निवडून बाजूला काढलेल्या खराब मालाची पोतीच्या पोती असतात. ती कोणी फेकत नाही. तो माल कुठेतरी विकला जातो, कोणाच्या तरी पोटात जातो. या लेखाचा खरा विषय तो माल आहे.

त्या मालातल्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची एक बुरशी मातीत राहते, हिरवट पिवळी, आपल्या काळ्या जमिनीतही भरपूर. तिला ऊब, थोडी ओल आणि तेल किंवा पिठूळ दाणा मिळाला की ती वाढते आणि वाढता वाढता हे विष तयार करते. जगात यावर जिथे जिथे संशोधन झालंय तिथे चार मालांची नावं पुन्हा पुन्हा येतात: भुईमूग, मका, सरकी आणि लाल मिरची. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या माणसाला ही यादी वाचून धस्स व्हायला हवं. भरतात दाणे, चटणीत दाणे, शेवभाजीच्या रश्श्यात मिरची, सातपुड्यात मक्याची भाकरी, आणि कापसाच्या पट्ट्यात म्हशीपुढे सरकीची ढेप. चारही वस्तू आपल्या रोजच्या आहेत.

विषाची ओळख पटली ती इंग्लंडमध्ये. 1960 साली तिथे काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला नावच ‘टर्की एक्स’ पडलं. जंतू सापडेना, विषाणू सापडेना. शेवटी माग खाद्यापर्यंत गेला. ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड त्या खाद्यात होती, आणि पेंडीत ही बुरशी. मग विष वेगळं काढलं गेलं. अतिनील दिव्याखाली त्याचे काही प्रकार निळे चमकले, काही हिरवे. निळ्यांना ‘बी’ आणि हिरव्यांना ‘जी’ म्हणायची पद्धत तिथून पडली. या सगळ्यांत घातक तो बी-1.

पक्ष्यांचं झालं, माणसांचं काय? याचं उत्तर आपल्या शेजारात मिळालं, आणि ते फार महागात मिळालं. 1974 च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल या दोन जिल्ह्यांतल्या दीडशेहून जास्त गावांत कावीळ पसरली. पोटात पाणी भरायचं, पाय सुजायचे, आणि काही जण रक्ताच्या उलट्या होऊन जायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं पथक तिथे गेलं. त्यांनी नोंदलेले रुग्ण 397, मृत्यू 106. बहुतेक सगळे आदिवासी, ज्यांचं रोजचं अन्न मका. कापणीच्या सुमाराला अवकाळी पाऊस झाला होता, भिजलेला मका तसाच साठवला गेला होता, आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तोच खाल्ला जात होता. एक गोष्ट पथकाच्या लगेच लक्षात आली: ज्या घरात माणसं आजारी, त्या घरातली कुत्रीही मरत होती. साथीच्या काविळीचा विषाणू असा माणूस आणि कुत्रा दोघांना एकदम धरत नाही. दोघांत समान होती ती भाकरी. मका तपासला तेव्हा त्यात किलोमागे 6.25 ते 15.6 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आज भारतात धान्यासाठी जी मर्यादा आहे, किलोला 15 मायक्रोग्रॅम, तिच्या चारशे ते हजार पट.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भिल्ल, पावरा कुटुंबं जो मका खातात, तो याच जातीच्या डोंगरात, याच पावसाखाली पिकतो. परतीचा पाऊस लांबला की बांसवाड्यात जे झालं ते इथे होऊ शकत नाही असं कोणी म्हणू नये. 2004 साली केनियात पुन्हा तेच घडलं: 317 रुग्ण, 125 मृत्यू, आणि कारण तोच ओला साठवलेला मका.

एवढं मोठं प्रमाण एकदम पोटात जाणं दुर्मिळ. बाकीच्या वेळी विष थोडं थोडं, वर्षानुवर्षं जात राहतं, आणि माणूस काहीच वाटत नाही म्हणून निर्धास्त असतो. त्याचं काम लिव्हरमध्ये चालतं. आपलं लिव्हर बाहेरून आलेलं कोणतंही रसायन पाण्यात विरघळेल असं करून बाहेर टाकायला बघतं. बी-1 बरोबर हे करताना मधल्या पायरीवर एक अतिशय चिकट पदार्थ तयार होतो, त्याला इपॉक्साइड म्हणतात. शरीराकडे ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो, तो यातला बराचसा पकडून निकामी करतो. जो सुटतो तो पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ या अक्षरावर तो बसतो, आणि पेशी दुभंगताना त्या जागी चुकून ‘टी’ लिहिलं जातं. टीपी53 नावाचं एक जनुक पेशीला बेसुमार वाढू देत नाही. त्यातल्या 249 व्या जागेवर नेमकी ही चूक झालेली अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या भागांतल्या लिव्हर कॅन्सरच्या रुग्णांत वारंवार सापडली, ही गोष्ट 1991 मध्ये पुढे आली. विष आपली सही मागे ठेवून जातं, असंच म्हणायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला गट 1 मध्ये ठेवलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेला गट.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. शांघायमध्ये 18,244 पुरुषांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. त्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा आणि रक्तात हिपॅटायटिस बी तपासलं होतं. नुसतं अफ्लाटॉक्सिन असलेल्यांना लिव्हर कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट, नुसतं हिपॅटायटिस बी असलेल्यांना सुमारे सातपट. दोन्ही असलेल्यांना? दहा नाही, वीस नाही, जवळजवळ साठपट. दोन धोके एकमेकांत मिळवून ही साठ येत नाही, गुणूनही येत नाही; ते एकमेकांना आणखी बळ देतात. म्हणून बाळ जन्मल्यावर 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी हिपॅटायटिस बीची लस ही दाण्यातल्या विषाविरुद्धचीसुद्धा लस आहे. घरी बाळंतपण झालं की हा पहिला डोस हमखास राहतो. माझ्या मते या लेखातलं एकच वाक्य आशाताईंनी पाड्यावर सांगायचं ठरवलं, तर ते हे असावं.

लहान मुलांचं आणखी वेगळं. 2002 साली बेनिन आणि टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत 9 महिने ते 5 वर्षं वयाची 480 मुलं तपासली. जवळपास प्रत्येकाच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या, आणि ज्यांच्यात जास्त होत्या ती वयाच्या मानाने बुटकी आणि हलकी होती. अंगावरचं दूध सुटून मक्याची पेज सुरू झाली की रक्तातलं प्रमाण चढायचं. हा संबंध आहे; कारण सिद्ध झालंय असं नाही, कारण खराब मका खाणारं घर गरीबही असतं आणि गरिबीने मूल खुरटतं. मुलांना स्वच्छ मका देऊन जे प्रयोग नंतर झाले त्यांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. तरी नंदुरबारमध्ये कुपोषणाची चर्चा दरवर्षी होते, तेव्हा ताटात किती अन्न आहे हे मोजताना ते अन्न कोणत्या पोत्यातलं आहे हेही बघायला हवं, असं मला फार वाटतं.

एका लाखात एक

आता या विषाचा सगळ्यात अवघड गुण. ते पोत्यात सारखं पसरलेलं नसतं.

भारतात थेट खायच्या शेंगदाण्यासाठी मर्यादा आहे किलोला 10 मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग विष चालेल, त्याहून जास्त नाही. दुसरीकडे, बुरशीने पुरता धरलेल्या एकेका दाण्यात किलोमागे हजार मिलिग्रॅम या प्रमाणात विष मोजलं गेलंय. हिशेब करून बघू. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा घ्या. त्यात अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे 500 मायक्रोग्रॅम विष झालं. पन्नास किलोच्या पोत्यात साधारण एक लाख दाणे असतात. बाकीचे 99,999 दाणे स्वच्छ धरले तरी त्या एकट्या दाण्यामुळे सगळं पोतं मर्यादेच्या काठावर येतं. असे दोन दाणे असले की पोतं नापास.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. शेंगदाण्यात ती चालत नाही. व्यापारी पोत्यात बांबू घालून मूठभर दाणे काढतो, त्यात तो एक दाणा येण्याची शक्यता किती? म्हणून एकाच मालाचे दोन प्रयोगशाळांचे अहवाल वेगळे येतात. शेतकऱ्याला वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय, निर्यातदाराला वाटतं लॅबवाल्याने घोळ घातला. बहुतेक वेळा दोन्ही अहवाल खरे असतात, नमुना वेगळा असतो. ज्यांना खरा आकडा हवा असतो ते पोत्यापोत्यातून थोडा थोडा मिळून वीसेक किलो माल काढतात, सगळा एकत्र दळतात, आणि मग त्या पिठातून चाचणी करतात. युरोपात खायच्या शेंगदाण्याची मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम, आपल्या निम्म्याहून कमी. त्यामुळे तिकडे जाणारा माल इथे मशिनवर रंगाने निवडला जातो. निवडून जे उरतं ते मात्र इथेच राहतं.

याच गुणाची दुसरी बाजू आशेची आहे. विष थोड्याच दाण्यांत गोळा झालेलं असल्यामुळे ते थोडे दाणे काढले की बहुतेक विष जातं. त्यासाठी मशिनच लागतं असं नाही, सूप आणि नजर पुरते. सुपात दाणे पसरा. आधी सुरकुतलेले, बारके, हलके काढा. मग ज्यांची साल काळपट, करडी किंवा डागाळलेली आहे ते. मोड आलेले आणि किडीने भोक पाडलेले काढा. मग दाणे हलके भाजून, चोळून साल काढा आणि दोन पाकळ्या सुट्या करा. आत बघा: चांगला दाणा हस्तिदंती पांढरा दिसतो. खराब दाण्याच्या पाकळ्यांच्या मधल्या फटीत, जिथे बारीकसा कोंब असतो, तिथे पिवळट तपकिरी डाग असतो, कधी हिरवट पूड असते. बाहेरून साल अगदी लालचुटूक असलेल्या दाण्यातही ही पूड सापडते. भाजून सोललेल्या दाण्यांची निवड म्हणूनच जास्त खात्रीची.

अफ्लाटॉक्सिनला स्वतःला चव नाही, वास नाही. दाणा कडू लागतो तो बुरशीने आणि जुनेपणाने तेल खराब केल्यामुळे. त्यामुळे कडू तेवढा वाईट हे खरं, पण गोड तेवढा चांगला असं धरता येत नाही.

तयार कुटाचा प्रश्न इथेच येतो. अख्खा दाणा डोळ्यांनी तपासता येतो, कूट तपासता येत नाही. बाजारात फुटका, डागी, बारका दाणा स्वस्त मिळतो, आणि तो खपायची सोपी जागा म्हणजे कूट, चटणी, स्वस्त चिक्की. सगळे कूटवाले असं करतात असं माझं म्हणणं नाही. पण दहा मिनिटं वाचवायला ही जोखीम घेऊ नका, दाणे आणून घरी निवडा आणि घरीच कुटा. निवडून काढलेले दाणे चुलीत टाका, तेलकट असतात, छान जळतात. कोंबड्यांपुढे टाकू नका, गाईच्या आंबोणात तर नाहीच नाही.

‘पण आम्ही भाजतो, उकळतो, तळतो, त्यात विष मरत नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. बुरशी मरते, विष राहतं. कोरडं अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. भाकरीच्या पोटात पाणी असतं, त्यामुळे तवा कितीही तापला तरी आतलं तापमान शंभराच्या फार वर जात नाही. आमटी, पेज, रस्सा यांचं तेच. दाणे खरपूस भाजल्याने काही भाग कमी होतो, पण त्यावर विसंबू नये. उन्हात टाकून बुरशी झटकलेला मका दिसायला स्वच्छ होतो, विष त्यात तसंच असतं.

तेलाबद्दलही विचारतात, कारण हल्ली लाकडी घाण्याचं तेल पुन्हा घराघरांत आलंय. अफ्लाटॉक्सिन तेलात फारसं उतरत नाही, गाळताना बहुतेक पेंडीत राहतं. थोडं तेलातल्या गाळाबरोबर येतं. रिफाइंड तेलात क्षार आणि मातीची प्रक्रिया होते, त्यात ते जवळपास संपतं. घाण्याचं तेल आवडत असेल तर आपले निवडलेले दाणे न्या, तेल चार-आठ दिवस निवळू द्या, वरचं गाळून घ्या. बाजारातून अनोळखी घाण्याचं गढूळ तेल आणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मिरचीबद्दल थोडक्यात. नंदुरबारला ओली लाल मिरची बाजार समितीत येते आणि व्यापारी ती पथाऱ्यांवर वाळवतात. डिसेंबरात अचानक पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, पांढरी पडते, आत बुरशी धरते. मसाल्यांसाठी आपली मर्यादा किलोला 30 मायक्रोग्रॅम आहे. मिरची आपण ग्रॅमनेच खातो, म्हणून घाबरायचं कारण कमी. पण वर्षाचा मसाला करताना मिरची फोडून आत बघावी, काळी भुकटी किंवा जाळी दिसली की ती बाजूला करावी. तिखटाची पूड घेण्यापेक्षा अख्खी मिरची घ्यावी, कारण कुटाचं जे तेच पुडीचं.

ढेप आणि दूध

खराब माल जातो कुठे, याचं सगळ्यात मोठं उत्तर गोठ्यात आहे. तेलमिलमधून निघालेली भुईमुगाची पेंड, सरकीची ढेप, मक्याचा भरडा, आणि बाजार समितीत कोणी न घेतलेला काळा मका, हे सगळं जनावरांपुढे येतं. माणसाच्या ताटातून काढलेलं विष आपण म्हशीला देतो आणि समजतो की सुटलो.

म्हैस किंवा गाय ते खाते. तिचं लिव्हर बी-1 चं रूप थोडं बदलतं, त्याला एम-1 म्हणतात, ‘एम’ म्हणजे दुधातला. खाल्ल्यापासून 12 ते 24 तासांत तो दुधात उतरायला लागतो. साधारणपणे खाल्लेल्या विषाचा एक ते दोन टक्के भाग दुधात येतो, जास्त दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही अधिक. एक उदाहरण घेऊ. ढेपेत किलोमागे 100 मायक्रोग्रॅम बी-1 आहे. गाईला दिवसाला चार किलो ढेप दिली, म्हणजे 400 मायक्रोग्रॅम गेलं. दोन टक्क्यांनी 8 मायक्रोग्रॅम दुधात आलं. गाय आठ लिटर देत असेल तर लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम. भारतात दुधाची मर्यादा किलोला 0.5 आहे, म्हणजे दूध दुप्पट बाद. हीच ढेप पशुखाद्याच्या भारतीय मानकात बसणारी, म्हणजे किलोला 20 मायक्रोग्रॅमची असती, तर लिटरमागे 0.2 आलं असतं आणि दूध पास झालं असतं. सगळा फरक ढेपेचा.

2018 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले होते. आपल्याला भीती असते युरियाची, साबणाच्या पावडरची. अशा भेसळीने धोकादायक ठरलेले नमुने निघाले 12. अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त असलेले निघाले 368, म्हणजे 5.7 टक्के. या आकड्यांची चर्चा चहाच्या टपरीवर व्हायला हवी होती, पण भेसळ म्हटलं की बातमी होते आणि ढेप म्हटलं की होत नाही. यात दूधवाल्याचा लबाडपणा नाही. त्याने ढेप विकत घेतली, पैसे मोजले, ती ढेप भिजल्या गोदामातली होती हे त्याला कोणी सांगितलं नाही.

दूध तापवून एम-1 जात नाही, पाश्चरायझेशनमध्येही नाही. तो दुधातल्या केसिनला, म्हणजे प्रथिनाला धरून असतो, त्यामुळे पनीर केलं की तिथे त्याचं प्रमाण वाढतं. तूप, लोण्यात फार थोडा जातो. दिलासा एवढाच की खराब खाद्य थांबवलं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणून दूध संघांनी संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजताना पावसाळ्यात अधूनमधून एम-1 ची तपासणी पट्टीही लावावी, आणि पट्टीने जास्त प्रमाण दाखवलं की शेतकऱ्याचा दर न कापता त्याच्या ढेपेचं पोतं बघावं. खाद्यात बेंटोनाइटसारखी चिकणमाती घातली तर ती जनावराच्या पोटात विष धरून शेणावाटे बाहेर नेते; चांगल्या पशुखाद्यात हे घातलेलं असतं. पण मुळात ढेप घेताना पोतं उघडून वास घ्यावा, कुबट वाटली, गोळे झालेले दिसले, आत हात घातल्यावर गरम लागली, तर परत करावी. आपल्या गोठ्यात ढेपेची पोती भिंतीला टेकवून, जमिनीवर, चाऱ्याच्या पाण्याजवळ ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. चार विटांवर फळी टाकली तरी अर्धं काम होतं.

शेतापासून कोठीपर्यंत

बुरशी गोदामात लागते असं सगळ्यांना वाटतं. भुईमुगात ती बरेचदा जमिनीतच शेंगेत शिरते. शेंग भरत असताना शेवटचे तीन ते सहा आठवडे पाण्याचा ताण पडला आणि माती तापली की दाण्याची स्वतःची रोग अडवायची ताकद कमी होते, आणि बुरशीला हवी तेवढी ऊब मिळते. त्यात वाळवीने, हुमणीने शेंग कोरली की दार उघडंच. म्हणून शेवटच्या टप्प्यात जमेल तर एक पाणी द्यावं, आणि आऱ्या (फुलापासून जमिनीत शिरणारे कोंब) सुटताना जिप्सम द्यावं. जिप्सममधल्या कॅल्शियमने टरफल भक्कम होतं.

जळगावचं तेलबिया संशोधन केंद्र भुईमुगाच्या वाणांसाठी जुनं आणि नावाजलेलं. इथला जेएल-24, म्हणजे फुले प्रगती, देशभर गेला आणि आफ्रिकेतल्या मलावीपर्यंत पोहोचला. लवकर येणारा, उपट्या म्हणजे न पसरता झुपक्याने वाढणारा, शेतकऱ्यांचा लाडका. पण या प्रकारच्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे पिकल्यावर काही काळ न उगवता थांबायची सवय, नसते. काढणी लांबली आणि पाऊस आला की शेंगेतच मोड येतात, आणि मोड फुटलेला दाणा बुरशीला सापडतो. काढणीची वेळ तंतोतंत साधायला हवी ती यासाठी. चार वेल उपटा, शेंगा फोडा, टरफलाची आतली बाजू बघा. दहापैकी सात-आठ शेंगांत ती काळपट तपकिरी झाली असेल तर काढणीला लागा. उपटलेले वेल शेंगा वर करून उलटे टाका, शेंगा मातीला टेकू देऊ नका. वाळली कशी ओळखायची? शेंग कानाजवळ हलवली की दाणा खुळखुळतो, आणि दाणा चोळला की साल सुटते. दाण्यात ओल सात-आठ टक्क्यांच्या खाली आली की बुरशी वाढू शकत नाही. आणि वाळल्या शेंगांवर पाणी शिंपडून फोडायची जी पद्धत आहे, दाणे फुटू नयेत म्हणून, ती थांबवायला हवी. इतकं वाळवलेलं एका बादलीत वाया जातं.

मक्याचं गणित याहून कठीण, कारण तो ऑक्टोबरात येतो आणि परतीचा पाऊसही तेव्हाच. साठवायच्या मक्यात ओल 12 ते 13 टक्क्यांवर हवी. मळणी यंत्रातून निघतो तेव्हा ती कितीतरी जास्त असते. पैशाची निकड असते, व्यापारी ओल कापून भाव लावतो, आणि घरी खायला ठेवायचा तोच अर्धा ओला मका प्लास्टिकच्या पोत्यात जातो. प्लास्टिकचं पोतं ओल धरून ठेवतं, आत गरमी तयार होते, आठवड्यात बुरशी. सातपुड्यातल्या घरांत कणसं सालीसकट वाशांना बांधून चुलीच्या वर टांगतात. धूर आणि उबेने ती महिनोन्‌महिने कोरडी राहतात. ही पद्धत बियाण्यापुरती न ठेवता खायच्या मक्यालाही जेवढी पुरेल तेवढी वापरावी.

ओल मोजायचं यंत्र प्रत्येकाकडे नसतं, पण काचेची बरणी आणि मीठ असतं. मीठ तव्यावर भाजून अगदी कोरडं करून घ्या. कोरड्या बरणीत एक तृतीयांश मका भरा, दोन-तीन चमचे मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मक्यात ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. तो पोत्यात भरू नका, ताडपत्रीवर पातळ पसरा आणि रात्री झाका. मीठ सुटं राहून तळाशी बसलं तर ओल पंधराच्या खाली आली, पण साठवायला तेवढं पुरेसं नाही. आणखी दोन दिवस कडक ऊन द्या, आणि मग कोठीत भरा.